चुकून लागणारे फोन

"नको त्या माणसाला दार लावताना जरा बघून लावावं, पोरी. हव्या माणसाची बोटं फटीत असतात," असं काकू म्हणाल्या होत्या, आणि ती हसली होती. हसली म्हणजे काय, उकळत्या पाण्यातून दुधाची बाटली चिमट्यानं काढता काढता, मानसुद्धा न वळवता, नाकातून फुस्स केलं होतं. वर म्हणाली होती, "काकू, तुमच्या वेळी फोन करणारी माणसं असायची. आता यंत्रं असतात." काकू समोरच्या दारातल्या. इमारतीत सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत, कारण नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोनच्या कचेरीत कानाला पट्टा लावून याची तार त्याला जोडून देण्यात घालवली होती. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, एक भाचा तेवढा. त्या दिवशी त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि तो डोळ्यांना न लावता तसाच हातात धरून बसल्या. हे सगळं तिला आता आठवत होतं, पदराचा रंगसुद्धा. आठवण्याचं कारण एवढंच की आज दुपारी तिनं काकूंना फोन लावला, आणि अर्धी घंटा वाजून तो तुटला.

रेंज नसेल, असं वाटून तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. अर्धी घंटा, आणि मग कुणीतरी कात्रीनं कापल्यासारखं टूं टूं. तिसऱ्यांदा लावताना मात्र तिचं बोट मध्येच थांबलं. ही कात्री ओळखीची होती. ही तिनंच बसवली होती. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, मांडीवर अर्धवट झोपलेली पोर, आणि हातात काकूंचा फोन. 'फक्त ओळखीचे क्रमांक' या ओळीपुढची खूण निळी होईपर्यंत तिनं अंगठा दाबून धरला होता. आणि मधल्या काळात तिचा स्वतःचा क्रमांक बदलला होता. काकूंच्या फोनच्या लेखी ती आता कुणीतरी पाण्याचं यंत्र विकणारी होती. तिनं फोन आवाज न करता ओट्यावर पालथा ठेवला. पोरीला झोप लागत होती, आणि या घरात आवाज न करण्याची तिला इतकी सवय झाली होती की घाबरणंसुद्धा ती हळू आवाजात करी.

आवाज. सगळं सुरू झालं ते आवाजापासून. पोर झाली आणि फोन सुरू झाले. की पोर व्हायच्या आधीच? प्रसूतिगृहात नाव नोंदवताना क्रमांक दिला होता, बाळाच्या कपड्यांच्या दुकानात कसल्याशा सोडतीची चिठ्ठी भरली होती, 'गोंडस बाळ' स्पर्धेला फोटो पाठवला होता. यातल्या कुठल्या भोकातून ती जगात सांडली कोण जाणे. पोरीचे डोळे नीट उघडले नव्हते तेव्हा तिच्या शिक्षणाच्या विम्याचा फोन आला. नवरा म्हणाला, "चला, निदान कुणाला तरी आपल्या लेकीच्या भवितव्याची काळजी आहे." त्याला विनोद सुचत, कारण तो सकाळी जाई आणि सगळं आटोपल्यावर येई. तिची पोर कापसावर झोपल्यासारखी झोपायची. कुठं टाचणी पडली की दोन्ही मुठी हवेत. तासभर खांद्यावर घेऊन, मान अवघडवून, तिला पाळण्यात ठेवावं आणि ओट्यावर फोन थरथरावा. "मॅडम, दोन मिनिटं बोलू शकता का?" ती दोन मिनिटं तिच्या आयुष्यात कुठंच शिल्लक नव्हती. मग दारावरची बेल: गाद्या साफ करणारे, कीड मारणारे, मोफत तपासणीवाले. मग पत्रपेटी, जिच्यातून विजेचं बिल काढायला गेलं की पिझ्झ्याची, शिकवण्यांची, पाठदुखीची रंगीत पत्रकं मांजराच्या पिलांसारखी अंगावर उड्या घेत. पाचवीला पुजल्यासारखं एकेक.

आणि मग तिनं कंबर कसली. शिकलेली होती, आळशी नव्हती, आणि कितीतरी महिन्यांनी तिला असं काम मिळालं होतं ज्याचा शेवट दिसत होता. पत्रपेटीवर तिनं सुबक अक्षरात पट्टी चिकटवली: 'कृपया जाहिराती टाकू नयेत. आभारी आहोत.' 'फोन नकोत' म्हणणाऱ्यांच्या सरकारी यादीत क्रमांक नोंदवला. ईमेल एकेक उघडून तळाची ती मुंगीएवढी ओळ शोधायची आणि नाव काढून टाकायचं. तर त्यांची उत्तरं येत, 'तुम्ही जाताय याचं आम्हाला फार वाईट वाटतं.' तिच्या जाण्याचं इतक्या जणांना वाईट वाटतं हे वाचून तिला एकदा खरंच रडू आलं होतं, पण ते बाळंतपणानंतरचं. वॉचमनला सांगून विक्रेत्यांना फाटकावरच अडवायला लावलं. ती रोज थोडं थोडं बंद करत गेली, आणि रोज थोडं थोडं शांत होत गेलं. उरला तो फक्त भिंतीपलीकडचा फोन.

काकूंना एका कानानं कमी ऐकू येई, म्हणून भाच्यानं त्यांना दिलेला मोबाइल देवळातल्या घंटेसारखा वाजे. दारं समोरासमोर असली तरी मागं स्वयंपाकघरं एकमेकांना लागून, आणि मधली भिंत म्हणजे नावाला भिंत. काकूंनी चमचा खाली ठेवला तरी कळे. आणि काकू प्रत्येक फोन घेत. प्रत्येक. "हॅलो, बोला," हा त्यांचा कचेरीतला आवाज, वयानं जरा फाटलेला पण अजून ताठ. कर्जवाल्याला त्या म्हणत, "कर्ज नको रे बाबा, पण तू सकाळपासून किती फोन केलेस? घसा बसलाय तुझा." एका मुलीला तर त्यांनी फोनवर कसं बोलावं हे शिकवलं होतं. "वाक्य संपलं की थांबायचं. समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा. तू आगगाडी सोडतेस नुसती." ही मुलगी पाण्याची यंत्रं विकणारी; काकू कधीच काही घ्यायच्या नाहीत हे कळल्यावरही ती मधूनमधून फोन करी. पाळण्याला झोका देता देता तिनं एकदा काकूंना विचारलं होतं, "कंटाळा नाही येत हो तुम्हाला?" तर म्हणाल्या, "घंटा वाजली की उचलायचं. कोण आहे ते उचलल्याशिवाय कसं कळणार? आमच्याकडे निम्मे फोन चुकूनच लागायचे. चुकून लागलेल्यांशी कधीकधी चांगलं बोलणं व्हायचं." आणि मग पाळण्याकडे बघून, "बाईसाहेब झोपल्या वाटतं? मग निघते. साहेब लोकांची झोप मोडली की नोकरी जाते." पोरीला त्या बाईसाहेब म्हणत. तिला हसू येई आणि त्याच वेळी वाटे, आता जा हो लवकर.

मग ती दुपार. पोरीला ताप होता, किरकिर करून करून नुकती झोपली होती, आणि पलीकडे घंटा वाजायला लागली. वाजून थांबली. पुन्हा वाजली. पुन्हा. काकू घेत का नाहीत? पोरीच्या मुठी वर गेल्या. पुन्हा घंटा. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती पाय आपटत समोर गेली, आणीबाणीला म्हणून ठेवलेल्या किल्लीनं दार उघडलं ते भांडायलाच. काकू मोरीच्या उंबऱ्यावर आडव्या पडल्या होत्या, एक चप्पल पायात, एक लांब. फोन फरशीवर गरगर फिरत वाजत होता. त्यानंतरचं सगळं तिनं चोख केलं: डॉक्टर, भाचा, खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला हाक, दोघांनी धरून गादीवर. चक्कर होती, हाड शाबूत होतं. भाचा संध्याकाळी धापा टाकत आला आणि म्हणाला, "वहिनी, हे फोनच हिचा जीव घेणार एक दिवस. धावत उचलायला गेली असेल." तिला ते पटलं. अगदी आतून, हायसं वाटून पटलं. काकू गादीवरून म्हणाल्या, "धावले नाही रे. फोनवरच होते. त्या पाण्यावालीशी बोलता बोलता डोळ्यांपुढं अंधार आला. मग तीच लावत बसली असेल पुन्हा पुन्हा." "बरं, मावशी, पड तू," भाचा म्हणाला. ती उशी नीट करत होती. तिनं हे ऐकलं होतं. आता स्टुलावर बसून ती त्या क्षणाभोवती फिरत होती, जीभ दुखऱ्या दाताभोवती फिरते तशी. ऐकू आलं नव्हतं असं म्हणायला जागा नव्हती. भिंतीपलीकडचा चमचा ऐकू येणारे तिचे कान.

दुसऱ्याच दिवशी तिनं ती निळी खूण केली. "फसवतात हो काकू हे लोक. आता कसं, फक्त आपली माणसं. भाचा, डॉक्टर, औषधवाला, आणि मी." काकूंनी विचारलं, "आणि चुकून लागणारे?" "तेच तर नकोत." त्यांनी फोन हातात घेतला, उलटा करून पाहिला, जसं काही मागं कुठं छिद्र बुजवलेलं दिसेल. त्या दुपारी पोर दोन तास झोपली. पोर झाल्यापासून पहिल्यांदा तिनं केसांना तेल लावलं, आणि भिंतीपलीकडे इतकं शांत होतं की तिला स्वतःच्याच केसांतून फिरणाऱ्या बोटांचा आवाज येत होता. किती छान वाटलं होतं. हे छान वाटणंच आता तिला सहन होत नव्हतं. काळजीपोटी केलं, असं ती सगळ्यांना सांगत आली. ताप उतरलेल्या पोरीच्या केसांवरून हात फिरवताना स्वतःलाही सांगत आली. पण काळजी कुणाची?

थोड्या दिवसांनी काकू फोन घेऊन आल्या. "बघ गं, बिघडलाय का हा? वाजतच नाही." तिनं आपल्या फोनवरून लावून दाखवला. वाजला. काकूंचा चेहरा उजळला, समोर उभ्या असूनही त्यांनी तो कानाला लावला आणि म्हणाल्या, "हॅलो, बोला." एकच आवाज दोन बाजूंनी आला, एक समोरून, एक कानातून, दुसरा किंचित मागं राहिलेला. दोघीही हसल्या. मग त्या रोज येऊ लागल्या. "एकदा वाजवून बघतेस?" औषधवाला कामापुरता बोले, डॉक्टर फोन करत नसत, भाचा रविवारी. आठवड्याचे बाकीचे दिवस वाजवणं तिच्याकडे आलं. ती पोरीला भरवताना, कपडे वाळत घालताना, घामानं निथळत असताना त्या दारात फोन धरून उभ्या. एकदा ती म्हणाली, "काकू, चालू आहे हो तो. रोज रोज काय वाजवायचा?" "नाही, म्हटलं आपली खात्री," म्हणून काकू मागं फिरल्या. चपला फटक् फटक् करत समोरच्या दारात गेल्या, कडी लागली. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिला बरं वाटलं. मनात पाल चुकचुकली होती, पण पोरीचा दात येत होता आणि पालीकडे बघायला कुणाला वेळ होता?

तिचे स्वतःचे फोन मात्र थांबले नाहीत. यादीत नाव घातल्यावर थोडे कमी झाले, मग नव्या नव्या क्रमांकांवरून येऊ लागले; एक बुजवावं तर दोन फुटावीत. शेवटी नवऱ्यानं नवा क्रमांक आणला. "घे. हा फक्त आपल्या माणसांना द्यायचा. पवित्र आहे हा. कपाळाला लाव." तिनं बसून आईला, बहिणीला, पोरीच्या डॉक्टरांना कळवलं. काकूंना कशाला? समोर तर राहतात. दार वाजवलं की झालं. जुना क्रमांक बंद करताना दुकानातल्या मुलानं विचारलं, "कुणाला कळवायचं राहिलं नाही ना?" ती म्हणाली, "नाही, सगळ्यांना कळवलं."

आणि मग ती पोरीला घेऊन माहेरी गेली. आईनं पोर सांभाळली, तिनं झोपून घेतलं. काल परत आली तर समोरच्या दाराला बाहेरून नवं, चकचकीत कुलूप. खाली शिंपीदादा मशीनवर वाकले होते. तोंडात टाचण्या धरूनच म्हणाले, "बाई गेल्या." तिचा चेहरा बघून त्यांनी टाचण्या काढल्या. "तशा नव्हे हो! भाच्याकडे गेल्या. परत चक्कर आली म्हणे, एकटं ठेवायला नको म्हणून घेऊन गेला. हायवेच्या पलीकडे ते उंच उंच बांधलंय ना, तिकडे कुठंतरी. भाड्यानं द्यायचंय घर." मग दोरा दातांनी तोडत म्हणाले, "जाताना तुमचं दार वाजवत उभ्या होत्या बराच वेळ. म्हटलं, माहेरी गेल्यात. तर फोन लावला त्यांनी तुम्हाला, इथंच, या बाकावर बसून. फोनमधली बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. त्यांना खरंच वाटेना. मला म्हणाल्या, 'दादा, मी इतकी वर्षं जोडून दिलेत, असं कधी कुणाला म्हटलं नाही. लागत नाही म्हणायचं. अस्तित्वात नाही असं कसं म्हणतात?'"

पत्ता विचारायला आज सकाळीच भाच्याला फोन लावला. त्यानं घेतला नाही. अनोळखी क्रमांक कोण घेतं? तिनं संदेश लिहिला: 'नमस्कार, मी समोरची वहिनी. माझा नंबर बदलला आहे. कृपया फोन करा, महत्त्वाचं आहे.' पाठवल्यावर तिनं तो पुन्हा वाचला. असा संदेश तिला स्वतःला आला असता तर? ओळखीची म्हणणारी बाई, बदललेला नंबर, महत्त्वाचं काम. फसवणारे शब्दाशब्दानं असंच लिहितात. असे कितीतरी तिनं वाचताक्षणी उडवून दिले होते. थोड्या वेळानं पुन्हा फोन लावला तर तिथंही अर्धी घंटा आणि टूं टूं. नवऱ्यानं आपल्या फोनवरून दोनदा लावून पाहिला आणि मग टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "तुझ्याच गोत्रातला दिसतो. अगं, भाचा आहे ना त्यांच्याजवळ? कशाला जिवाला घोर लावून घेतेस?" भाचा एकटाच राहतो, आठवडाभर कामासाठी बाहेरगावी असतो, रविवारी घरी येतो, हे तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग रविवारी बघतीलच की." रविवार. सोमवारी चक्कर आली तर रविवार. फरशी कशी गार असते ते तिला माहीत होतं. त्या दिवशी काकूंना उचलताना तिचा हात त्यांच्या पाठीखालून गेला होता.

म्हणून आज, दुपारचा फोन तुटल्यावर, ती पोरीला कडेवर आणि पिशवी खांद्याला लावून बसनं हायवेच्या पलीकडे गेली. सारख्या उंचीच्या, सारख्या रंगाच्या इमारती, खिडक्यांवर खिडक्या. मान वर करून बघता बघता पोरसुद्धा घाबरून तिच्या गळ्यात शिरली. पहिल्या फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "कुणाकडे?" "एक वयस्कर बाई आहेत. नुकत्याच आल्यात, भाच्याकडे." "फ्लॅट?" "तेच माहीत नाही. भाच्याचं नाव..." तिला भाच्याचं नुसतं नाव माहीत होतं, आडनाव कधी लागलंच नव्हतं. वॉचमन तिच्या पिशवीकडे बघत होता. "काय विकायचंय?" "काही नाही हो. ओळखीच्या आहेत माझ्या." "सगळ्या तेच सांगतात, ताई. गेल्या आठवड्यात एक आली होती, तिच्याही कडेवर मूल होतं. आत जाऊन मजलाभर मसाज मशीन दाखवत फिरली. माझी नोकरी जायची वेळ आली." तिनं विनवलं, पिशवी उघडून लंगोट आणि बाटली दाखवली. तो ओशाळला, पण हलला नाही. मागच्या पाटीकडे बोट केलं. 'विक्रेते व जाहिरातदार यांना सक्त मनाई.' तिच्या पट्टीपेक्षा ही पाटी मोठी होती, आणि हिच्यावर कुणाचे आभार नव्हते. दुसऱ्या फाटकावर तेच. तिसऱ्यावर तर तिनं तोंड उघडण्याआधीच हात हलला, माशी वारावी तसा. तिला राग येईना. तो हात तिच्या ओळखीचा होता. ओट्यापाशी उभी राहून, फोनच्या पडद्यावर, तिनं तो किती वेळा तसाच हलवला होता.

ऊन कलायला लागलं होतं. कुंपणाच्या बाहेर, खडीच्या ढिगाजवळ ती उभी राहिली. वर कुठल्यातरी मजल्यावर एक फोन वाजायला लागला, खूप वेळ वाजला, आणि ती कुंपणाला चिकटून ऐकत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, तो काकूंचा असूच शकत नाही. काकूंचा असता तर वाजलाच नसता. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि इतक्या खिडक्यांना उद्देशून काय म्हणायचं ते तिला कळेना. पोर तेवढी वरच्या खिडक्यांकडे बोट करून काहीतरी अगम्य बडबडत होती, एकेका खिडकीला वेगळं. परतीच्या बसमध्ये पोर गुडघ्यांवर ऊन घेऊन झोपली. ती मात्र मागं वळून त्या इमारती लहान होताना बघत राहिली. एवढ्या शांततेत माणूस पडलं तर कुणाला ऐकू जाईल? तिनं आतापर्यंत मागितली होती ती हीच शांतता. कुणीतरी ती मजल्यांवर मजले चढवून बांधून ठेवली होती, आणि काकू त्यात कुठंतरी होत्या.

ती उद्या पुन्हा जाईल. परवा जाईल. फाटकं पुष्कळ आहेत. पण आज सोमवार आहे, आणि तुम्ही त्या फाटकांच्या आत राहता. तुमच्या मजल्यावर, नाहीतर वरच्या, नाहीतर खालच्या, एक बाई नव्यानं आल्या असतील. उंच, पाठ ताठ, एका कानानं कमी ऐकणाऱ्या. त्यांच्याकडे कुणी येताना दिसलं नसेल. एकदा जाऊन या. उद्या नको, हे खाली ठेवा आणि जा. बेल दाबून लगेच वळू नका, दुखऱ्या गुडघ्यांमुळं त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो. पुन्हा दाबा. दाराला कान लावा. आतून काहीच आलं नाही तर वॉचमनला बोलवा, शेजारच्यांना बोलवा, आरडाओरडा करा, तुम्हाला कोणी वेड्यात काढलं तरी चालेल. आणि दार उघडलं, तर तुम्ही कोण, कुठून आलात, हे सांगत बसायची गरज नाही. त्या विचारणार नाहीत. त्या आत बोलावतील.